देश नाही, टपाल नाही. तिकीट मात्र आहे!

पोस्टाचे तिकीट ही वस्तुतः एक पावती आहे. पत्र पोचविण्याचे काम टपाल खात्याने अंगावर घेतले आणि त्याची मजुरी आगाऊ भरून पावली, एवढाच त्या चिटोऱ्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १८४० साली एक पेनीचे पहिले काळे तिकीट निघाले, तेव्हा त्यामागे याहून वेगळा हेतू नव्हता. १८५२ साली सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी अर्ध्या आण्याचे वाटोळे ‘सिंध डाक’ तिकीट काढले आणि आशिया खंडात टपालाच्या तिकिटाचा पायंडा पडला. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि हेच फ्रिअर पुढे १८६२ साली मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या त्या तिकिटाचे आयुष्य अवघे दोन वर्षांचे. १८५४ साली अखिल हिंदुस्थानची तिकिटे निघाली आणि ‘सिंध डाक’ मागे पडली. आज तिची अस्सल प्रत मिळविण्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात, आणि म्हणूनच तिच्या नकलाही उदंड झाल्या आहेत.

संग्राहक आला की त्याच्या पाठोपाठ ठकही येतो, हे या छंदाच्या आरंभीच्या काळातच दिसून आले. पहिल्या तिकिटाला पुरती पंचवीस वर्षे झाली नव्हती, तोच बनावट तिकिटे कशी ओळखावीत यावर पुस्तके निघू लागली. ब्रसेल्सच्या मोएन्स यांचे १८६२ साली आणि इंग्लंडमध्ये पेम्बर्टन व ल्यूइस यांचे १८६३ साली. पत्रावर लावून फेकून द्यायचा कागद लोक पैसे देऊन विकत घेतात, हे ज्या दिवशी बाजाराच्या ध्यानी आले, त्या दिवशीच तिकिटाचे दोन जन्म झाले. एक टपालासाठी, दुसरा वहीसाठी. बोगस तिकिटांचा सारा व्यवहार या दुसऱ्या जन्मावर चालतो.

नक्कल वेगळी, बोगस वेगळे

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. बनावट तिकीट म्हणजे अस्सल तिकिटाची नक्कल. बोगस तिकीट म्हणजे ज्याला मुळात अस्सल असे काही नाहीच ते. पानिपतानंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्याने पेशवाईला बराच ताप दिला. पण निदान भाऊसाहेब होऊन गेले होते. तोतयाला त्यांच्याशी ताडून पाहता येत होते. बोगस तिकिटाच्या बाबतीत ताडून पाहायला मूळ भाऊसाहेबच नसतात. त्यामुळे जाणकाराचे भिंग, कागदाची जात, जलचिन्ह, दातेरी कडांची मोजणी ही सारी हत्यारे तेथे बोथट ठरतात.

नक्कल करणाऱ्यांतही मोठे कसबी होऊन गेले. जिनिव्हाचा फ्रांस्वा फुर्निए आपल्या नकलांना उघडपणे प्रतिकृती म्हणत असे आणि त्यांची जाहिरात करणारे पत्रकही काढत असे. १९१७ साली तो वारला. पुढे काही वर्षांनी हा साठा बाजारात फुटू नये म्हणून तेथील संग्राहकांच्या संघाने तो विकत घेतला, नमुन्यादाखल काही संच बांधून ठेवले आणि उरलेला नष्ट केला. झां द स्पेराती याची गोष्ट तर प्रहसनासारखी आहे. १९४२ साली फ्रान्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याचे पोर्तुगालला जाणारे पाकीट अडविले आणि मौल्यवान तिकिटे परवान्यावाचून देशाबाहेर नेल्याचा आरोप ठेवला. ही तिकिटे मीच तयार केली आहेत, असे तो सांगू लागला. तर सरकारी तज्ज्ञ ती अस्सलच असल्याची ग्वाही देत राहिले! आपल्याकडेही १९४८ सालच्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाची वारंवार नक्कल झाली आहे. त्याच्या केवळ १०० प्रतींवर ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे छापली होती. त्या मालिकेतील चार तिकिटांचा जोडलेला संच २०१७ साली ५ लाख पौंडांना विकला गेला. एका शब्दाच्या छपाईने कागद एवढा मोलाचा होत असेल, तर तो शब्द छापण्याचा मोह कोणाला ना कोणाला होणारच.

तथापि नकलेचा व्यापार हा अखेर थोड्या धनिकांना फसविण्याचा व्यापार आहे. त्याला कसब लागते, वेळ लागतो आणि गिऱ्हाईकही जाणते असते. बोगस तिकिटाला यांपैकी काहीच लागत नाही. एक छापखाना, एक आकर्षक चित्र आणि कोणी कधी न ऐकलेल्या देशाचे नाव एवढे भांडवल पुरते. आणि गिऱ्हाईक असते ते बहुधा शाळकरी मूल.

राजे, बेटे आणि साम्राज्ये

या धंद्याच्या आद्य पुरुषांत अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या सॅम्युएल ॲलन टेलर याचे नाव घेतले जाते. १८६० च्या दशकापासून त्याने स्वतःच्या कल्पनेतील टपाल कंपन्यांची आणि मुलखांची तिकिटे छापून विकण्याचा सपाटा लावला. त्या काळी जगाचा नकाशाच रोज बदलत होता. अमुक देशाने खरोखरच तिकीट काढले की काय, याची शहानिशा करायला महिनेच्या महिने लागत. तोवर माल खपून गेलेला असे.

टेलरला देश कल्पावे लागले. त्याच्या मागून आलेल्यांनी ते स्थापन केले. मारी-शार्ल दाव्हीद द मायरेना या फ्रेंच साहसवीराने १८८८ साली इंडोचीनच्या डोंगराळ प्रदेशात सेदांग जमातीचा राजा म्हणून स्वतःला अभिषेक करून घेतला, मानपदे वाटली आणि आपल्या राज्याची तिकिटेही छापविली. त्या डोंगरात टपाल नव्हते. राजेसाहेब युरोपात भांडवल गोळा करायला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्रेंच सत्तेने त्यांना राज्यात पाऊल ठेवू दिले नाही. १८९० साली मलायाजवळच्या तिओमान बेटावर त्यांचा अंत झाला. १८९३ साली जेम्स हार्डन-हिकी या दुसऱ्या एका हौशी गृहस्थाने ब्राझीलपासून दूर अटलांटिक महासागरातील त्रिंदाद या ओसाड बेटाचा आपण राजा असल्याचे जाहीर केले. या राज्याला प्रजा नव्हती, पण तिकिटे होती. त्यांवर पत्र कोण कोणाला लिहिणार होते, हा प्रश्न विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही; कारण ती पत्रासाठी नव्हतीच.

या राजांच्या गोष्टी वाचताना हसू येते आणि काळाच्या ओघात त्यांच्या तिकिटांना कुतूहलाची म्हणून किंमतही आली आहे. परंतु त्यांनी घालून दिलेला धडा पुढच्यांनी नीट गिरविला. तिकिटाला टपालाची गरज नाही, फक्त राज्याच्या नावाची गरज आहे, हा तो धडा होय.

नाव खरे, व्यवहार खोटा

मग नाव कल्पनेतले कशाला हवे? खऱ्या देशाचे नाव भाड्याने मिळत असेल तर अधिकच उत्तम. हा शोध न्यूयॉर्कच्या निकोलस सीबेक याने लावला. १८८९ च्या सुमारास त्याने होंडुरास, निकाराग्वा, एल साल्वादोर, एक्वादोर या देशांशी करार केले. तिकिटे तो फुकट छापून देणार. मात्र दर वर्षी नवी मालिका निघणार, जुनी रद्द होणार आणि उरलेला साठा व पुन्हा छापण्याचा हक्क सीबेककडे राहणार. गरीब सरकारांचा छपाईचा खर्च वाचला आणि सीबेकला दर वर्षी विकायला नवा माल मिळाला. संग्राहकांमध्ये यावर एवढा असंतोष माजला की १८९५ साली लंडनमध्ये अशा सट्टेबाज तिकिटांविरुद्ध एक संस्थाच स्थापन करण्यात आली.

सीबेकची पद्धत सुमारे सत्तर वर्षांनी अरबस्तानच्या वाळवंटात नव्या जोमाने अवतरली. आज संयुक्त अरब अमिराती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रातील संस्थाने तेव्हा ब्रिटनच्या संरक्षणाखाली होती. तेलाचा पैसा सर्वांच्या वाट्याला आलेला नव्हता. अजमान हे त्यांतले सर्वांत लहान, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. अशा वेळी फिनबार केनी या अमेरिकन व्यापाऱ्याने तेथील शेखांशी तिकिटे काढण्याचे करार केले आणि १९६४ पासून अजमान, फुजैरा यांच्या नावाने रंगीबेरंगी तिकिटांचा पूर लोटला. इतर संस्थानांनीही तोच मार्ग धरला. अजमानचाच मनामा नावाचा एक छोटासा शेतवाडीचा तुकडा आहे. त्याच्या नावानेही १९६६ पासून स्वतंत्र तिकिटे निघाली. केनेडी, चर्चिल, अंतराळवीर, युरोपातील थोर चित्रकारांची चित्रे असे काय वाटेल ते त्यांवर होते. ज्या वाळवंटात बर्फ कधी दृष्टीस पडत नाही, तेथील संस्थानांनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूंच्या मालिका काढल्या. १९७१ च्या डिसेंबरमध्ये अमिरातींचे संघराज्य झाले, टपालाचा कारभार एकत्र आला आणि हा पूर ओसरला. पण तोपर्यंत छापला गेलेला माल आजही बाजारात आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी मराठी शाळांच्या बाकांवर बसून तिकिटे गोळा केली, त्यांनी आपल्या जुन्या वह्या उघडून पाहाव्यात. ‘अजमान’, ‘मनामा’, ‘फुजैरा’, ‘उम्म अल क्वैन’ ही नावे तेथे भेटतीलच. सर्वांत मोठी, सर्वांत चकचकीत तिकिटे तीच. त्यांवरचा शिक्का नेमका एका कोपऱ्यात, चित्राला धक्का न लावता उमटलेला. आणि मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे तिकीट कधी पाकिटाला चिकटलेच नव्हते! शिक्का मारण्याचे काम छापखान्यातच उरकलेले होते. एक आणि दोन आण्यांची अशोकस्तंभाची तिकिटे मुलांनी या रंगीत कागदांच्या बदल्यात मोठ्या आनंदाने देऊन टाकली.

हे सारे बालिश आहे, त्यात कोणाचे काय बिघडले, असे म्हणणाऱ्यांनी याच केनी यांच्या पुढील उद्योगाकडे पाहावे. प्रशांत महासागरातील कुक बेटांच्या तिकिटांचा व्यापार त्यांच्याकडे होता. तेथे १९७८ साली निवडणूक झाली, तेव्हा सत्ताधारी पक्षाला न्यूझीलंडमधून मतदार विमानाने आणण्यासाठी ३ लाख ३७ हजार न्यूझीलंड डॉलर या तिकीट-व्यवहारातून पुरविण्यात आले. न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि पंतप्रधान आल्बर्ट हेन्री यांना पायउतार व्हावे लागले. केनी यांच्या कंपनीने १९७९ साली अमेरिकन न्यायालयात परदेशी लाचलुचपतविरोधी कायद्याखाली गुन्हा कबूल केला. मुलांच्या वहीत चिकटणाऱ्या कागदाचा पैसा एका छोट्या राष्ट्राच्या मतपेटीपर्यंत पोचला, हे विसरता येणार नाही.

परक्यांच्या दुःखाचे भांडवल

याहून वाईट प्रकार तिसरा. ज्यांना राज्य नाही, पण राज्याची आस आहे, अशा लोकांचे नाव वापरण्याचा. इंडोनेशियातील दक्षिण मोलुक्कस बेटांनी १९५० साली स्वातंत्र्य पुकारले आणि ते थोड्याच काळात मोडून काढण्यात आले. पण त्या प्रजासत्ताकाच्या नावाने व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यात छापलेली फुलापाखरांची सुंदर तिकिटे न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यामार्फत जगभर विकली गेली. नागालँड हे १ डिसेंबर १९६३ पासून भारतीय संघराज्याचे घटक राज्य आहे. तरीही त्या नावाची तिकिटे पुढे पश्चिमेच्या बाजारात मिळू लागली. कोहिम्याच्या टपाल कचेरीत ती कधी विकली गेली नाहीत; तेथे भारताचीच तिकिटे चालत आली आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतचे स्टाफा हे तर निर्मनुष्य बेट. त्याच्याही नावाने तिकिटे निघाली, आणि तीही सोन्याच्या पत्र्यावर.

सोव्हिएत संघराज्य १९९१ साली कोसळले तेव्हा या धंद्याला सुगीच आली. नकाशावर नवी नावे उमटली. त्यांतली कोणती स्वतंत्र राष्ट्रांची आणि कोणती नुसत्या प्रांतांची, हे भल्याभल्यांना उमगेना. तुवा, चेचन्या अशा नावांनी मांजरे, आगगाड्या आणि चित्रपटातील नट-नट्या यांची पत्रके बाजारात आली. जॉर्जियापासून फुटू पाहणाऱ्या अबखाझियाच्या नावाने १९९४ साली निघालेल्या जोडीवर ग्रूचो मार्क्स हा विनोदी नट आणि जॉन लेनन हा गायक झळकले. मार्क्स आणि लेनिन यांची जागा मार्क्स आणि लेनन यांनी घेतली! विनोद झकास होता. मात्र त्याच सुमारास त्या प्रदेशात युद्ध होऊन गेले होते आणि लक्षावधी माणसे देशोधडीला लागली होती. त्यांच्या भूमीचे नाव गुंडाळण्याच्या कागदासारखे वापरले गेले. त्यानंतर चाड, मलावी यांसारख्या आफ्रिकी देशांची पाळी आली. तेथील टपाल खात्यांना ठाऊकही नसलेली तिकिटे त्यांच्या नावाने छापली जाऊ लागली. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेली आणि भारत १८७६ पासून जिचा सदस्य आहे, ती जागतिक टपाल संघटना अशा तिकिटांविरुद्ध सूचनापत्रके काढीत असते. परंतु सूचनापत्रक निघेपर्यंत माल दुसऱ्या नावाने दुसरीकडे गेलेला असतो.

विक्रीच्या क्लृप्त्या

छापणे सोपे; विकण्यात खरी करामत आहे. पहिली युक्ती पाकिटाची. ‘शंभर देशांची शंभर तिकिटे’ अशा पाकिटात वरच्या दर्शनी बाजूला मोठी रंगीत तिकिटे असतात. त्यांतले देश किती आणि नुसती नावे किती, हे मोजायला मुलाजवळ साधन नसते. दुसरी युक्ती पसंतीवर माल पाठविण्याची. इंग्लंड-अमेरिकेत मुलांच्या मासिकांतून जाहिराती येत आणि फुकट तिकिटांच्या आमिषाने पत्ता मिळवून तिकिटांची पत्रके घरी धाडली जात. न मागितलेला माल परत करण्याची चिंता मुलाच्या डोक्यावर बसे आणि खाऊचे पैसे व्यापाऱ्याच्या खिशात जात.

तिसरी युक्ती कृत्रिम दुर्मिळतेची. दातेरी कडा असलेले एक, नसलेले एक. उलट्या छपाईचे एक. सोनेरी पत्र्याचे एक. आणि प्रत्येकाच्या ‘फक्त इतक्याच प्रती’. चूक अपघाताने झाली तर ती दुर्मिळ. ठरवून केली तर तो उत्पादनाचा आणखी एक प्रकार झाला. या साध्या फरकाचा संग्राहकाला मोहापायी विसर पडतो. चौथी युक्ती विषयाची. फुलपाखरे, बुद्धिबळ, क्रिकेट, आगगाडी, गांधीजी असा कोणताही विषय घ्या, त्याचा संग्रह पुरा करण्याचा ध्यास घेतलेला कोणी ना कोणी असतोच. त्याला ‘हे तुमच्याकडे नाही’ एवढे सांगितले की पुरे.

पाचवी आणि सर्वांत घातक युक्ती गुंतवणुकीची. येथे तिकीट बोगस असण्याचीही गरज नसते. त्याची किंमत बोगस असली की भागते. बॉस्टनच्या चार्ल्स पाँझी याने १९२० साली आंतरराष्ट्रीय टपाल-उत्तर कुपनांच्या व्यापारातून ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे वचन दिले होते. कुपनांचा व्यापार नावापुरताच होता. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्याला दिले जात होते. या जातीच्या सर्व फसवणुकींना आज त्याचेच नाव आहे. स्पेनमधील फोरम फिलातेलिको आणि अफिन्सा या दोन कंपन्यांनी १९८० च्या आगेमागे तिकिटांत पैसे गुंतविण्याची योजना मांडली. ठेवीदाराने तिकिटे घ्यायची आणि कंपनीने ती ठरलेल्या, वाढीव किमतीला परत विकत घ्यायची. तिकिटे कंपनीच्याच तिजोरीत राहिली, आणि त्यांच्या किमती बाजारभावाहून कितीतरी फुगविलेल्या होत्या. ९ मे २००६ रोजी पोलिसांनी दोन्ही कंपन्यांवर छापे घातले, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक लोकांची बचत त्यांत अडकलेली होती. त्यांत निवृत्तांचा आणि लहान नोकरदारांचाच भरणा मोठा होता. चालकांना शिक्षा व्हायला २०१६ आणि २०१८ ही साले उजाडली. आपल्या देशात या प्रकाराचे धाकटे भावंड दिसते ते जुन्या नोटा व नाण्यांच्या बाबतीत. ‘तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगणारे ठक रिझर्व्ह बँकेचे नाव वापरू लागले, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या बँकेला लोकांना जाहीर इशारा द्यावा लागला.

दोनशे रुपयांचा धाक

या सर्वांवर कायद्याचे उत्तर काय? भारतीय दंडसंहितेत १८९५ साली २६३ अ हे कलम घालण्यात आले. कल्पित तिकिटे तयार करणे, जाणूनबुजून चालविणे, त्यांचा व्यापार करणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. परदेशी सरकारांच्या तिकिटांचाही त्यात अंतर्भाव होता. शिक्षा होती दोनशे रुपयांपर्यंत दंडाची. १८९५ साली दोनशे रुपये म्हणजे साध्या कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. त्या दंडाला धाक होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंडसंहिता गेली, कलमाचा आकडा बदलून १८६ झाला. दंड मात्र दोनशे रुपयांवरच राहिला. शिवाय जो देशच अस्तित्वात नाही त्याचे सरकार कोणते आणि मग हे तिकीट कोणत्या सरकारचे म्हणून खोटे, असा वकिली प्रश्न उरतोच.

याउलट बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यात अब्दुल करीम तेलगी याला २००१ साली अटक झाली, तेव्हा मंत्रालयापासून पोलिस खात्यापर्यंत सारे हादरले, विशेष न्यायालये बसली आणि दीर्घ कारावासाच्या शिक्षा झाल्या. ते योग्यच झाले. पण त्या तत्परतेचे एक कारण उघड आहे. मुद्रांकात सरकारचा महसूल बुडत होता. वहीतल्या तिकिटात बुडतो तो एका मुलाचा खाऊचा पैसा. त्याची फिर्याद कोणी नोंदवीत नाही, आणि मुलालाही आपण फसलो हे कळेपर्यंत बहुधा मिशी फुटलेली असते.

नुकसान कोणाचे?

या छंदाला शिक्षणात जे स्थान मिळाले, ते काही त्याच्या बाजारभावामुळे नव्हे. तिकीट हातात घेऊन मूल नकाशा उघडते, देश शोधते, तेथली भाषा, नाणे, राजा, पक्षी यांची चौकशी करते. ज्या गावात ग्रंथालय नाही तेथे टपालाने आलेले तिकीटच जगाची खिडकी होते. अशा मुलाच्या हाती नसलेल्या देशाचे तिकीट देणे म्हणजे त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात खोटे पान चिकटविण्यासारखे आहे. आणि एक दिवस एखादा जाणकार सहजच सांगतो, ‘यातली निम्मी तिकिटे रद्दी आहेत’. त्या दिवशी कित्येकांच्या वह्या माळ्यावर गेल्या त्या पुन्हा खाली आल्या नाहीत. पैशाचे नुकसान किरकोळ असते. उत्साहाचे भरून येत नाही.

याचा अर्थ नवे, विचित्र किंवा भडक ते सारे बोगस, असा मात्र नव्हे. भूतानने १९६२ नंतर बर्ट टॉड या अमेरिकन सल्लागाराच्या मदतीने रेशमाची, पोलादी पत्र्याची आणि १९७२ साली तर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वाजणारी तिकिटे काढली. तेव्हा पुष्कळ संग्राहकांनी त्यांची टर उडविली. पण तो देश खरा होता, त्याचे टपाल खाते खरे होते आणि त्या तिकिटांमागे पत्र नेणारा माणूस होता. आज त्या तबकड्यांना मागणी आहे. इंग्लंडजवळच्या लंडी या चिमुकल्या बेटाची १९२९ पासूनची खाजगी तिकिटेही अशीच. त्या पैशात तेथील पत्रे खरोखर मुख्य भूमीवर नेली जात. तेव्हा कसोटी चित्राची नाही, कागदाची नाही आणि देशाच्या आकाराचीही नाही. या तिकिटावर पत्र जाते का, एवढीच ती कसोटी आहे.

ही कसोटी शाळेतल्या मुलालाही लावता येते, आणि ती शिकविण्याचे काम शिक्षकच करू शकतात. तिकीट कोणत्या देशाचे, तो नकाशावर कोठे आहे, तेथे टपाल खाते कोण चालविते, आणि हे तिकीट तेथल्या खिडकीवर छापील किमतीला मिळते किंवा मिळत होते काय, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. जागतिक टपाल संघटनेने २००२ पासून सहभागी देशांच्या अधिकृत तिकिटांना क्रमांक देऊन त्यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवली आहे. सारेच देश तीत नाहीत. म्हणून तीत नसलेले प्रत्येक तिकीट बोगस म्हणता येणार नाही. तरी संशयाचे निरसन करण्याचे ते पहिले ठिकाण आहे. मोबाइल फोन घरोघर पोचला आहे. त्यावर खरेदी करण्यापूर्वी ही नोंद पाहण्याची सवय लागली तरी पुष्कळ साधेल.

सरकारलाही करण्यासारखे आहे. भारतीय टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाळ स्पर्श योजना सुरू करून सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक विद्यार्थ्यांना वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती ठेवली आणि शाळांतून संग्राहक मंडळे काढण्यास उत्तेजन दिले. ही गोष्ट स्तुत्यच आहे. पण ज्या छंदासाठी शासन शिष्यवृत्ती देते, त्या छंदातील ठकबाजीला शासनानेच दोनशे रुपयांचा दर लावावा, ही विसंगती आहे. जागतिक संघटनेची सूचनापत्रके मराठीसह सर्व भाषांत शाळांच्या मंडळांपर्यंत पोचविणे, मोठ्या टपाल कचेऱ्यांतील तिकीटसंग्रह विभागांत बोगस तिकिटांचे नमुने लावून ठेवणे आणि दंडाच्या रकमेचा फेरविचार करणे, ही तीन कामे फारशी खर्चाची नाहीत.

पत्रे लिहिण्याची चाल कमी होत चालली आहे. पाकिटावर तिकीट लावून पेटीत टाकलेले पत्र आता अनेक घरांत आठवणीतच उरले आहे. तिकीट जितके टपालापासून दूर जाईल तितके ते नुसते चित्र होत जाईल, आणि नुसत्या चित्राला खरे काय आणि खोटे काय! म्हणून ज्या शिक्षकांना आपल्या वर्गात या छंदाची गोडी लावायची आहे, त्यांनी आरंभ विकतच्या पाकिटापासून करू नये. मुलांकडून एकमेकांना, परगावच्या नातलगांना, दुसऱ्या राज्यातील एखाद्या शाळेला पत्रे लिहून घ्यावीत आणि उत्तरादाखल आलेल्या पाकिटांवरची तिकिटे वहीत लावू द्यावीत. त्या वहीत देश कमी असतील, रंगही थोडे असतील. पण तिच्यातील प्रत्येक तिकिटावर उमटलेला शिक्का कोणा पोस्टमनच्या पायपिटीची साक्ष देत असेल.